भिंतीतला बोर्ड

मर्गिलानच्या रेशीम कारखान्यात अख्खा जन्म मागांची दुरुस्ती करून ओर्तिकअली उस्ता, म्हणजे ओर्तिकअली मिस्त्री, निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरच्या माणसांची सुट्टी संपली. कारखान्यात शेडच्या शेड भरून माग होते, त्यांच्यावर डाफरण्यात उस्तांचा दिवस जायचा. आता डाफरायला बायको मस्तुरा, टॅक्सी चालवणारा मुलगा इल्होम, सून गुलरुख आणि एक जुना फ्रीज एवढेच उरले होते. त्यातला फ्रीज तेवढा उलट घुरघुरायचा.

माणूस मनाचा वाईट नव्हता. पण एकदा डोक्यात काही शिरलं, की ते बाहेर काढायला सुतार बोलवावा लागेल अशी गत. सध्या डोक्यात होतं ते हे, की भिंतीपलीकडे राहणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ कंबरअली त्यांची वीज चोरतो.

पुरावा म्हणाल तर रोज दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी, स्वयंपाकघरातला बल्ब मान टाकायचा आणि जरा वेळानं पुन्हा सावरायचा.

"बघ, बघ! ओढली त्यानं!" उस्ता हातातला नानचा तुकडा बल्बाकडे रोखून म्हणायचे.

"अहो, सगळ्या मोहल्ल्यात दिवे मिणमिणतात," मस्तुरा म्हणायची. "सगळ्यांचेच भाऊ चोर आहेत का?"

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझा आहे."

आता ही भिंत कशी आली ते सांगायला हवं. दोघांचे वडील योल्दोश उस्ता मोहल्ल्याचे वायरमन होते. मोठं अंगण, एका टोकाला थोरल्याच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला धाकट्याच्या, आणि बरोबर मधोमध म्हाताऱ्यानं एक विटांचा खांब बांधून त्यात फ्यूजचा बोर्ड बसवला. रस्त्यावरून एकच जाड केबल यायची आणि बोर्डात तिच्या दोन तारा व्हायच्या, डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची. प्रत्येकीचं बटण वेगळं, मीटर वेगळं. मरताना म्हाताऱ्यानं बाकी सगळं वाटून दिलं. बोर्ड तेवढा वाटायचा नाही म्हणाला. बोर्ड एक आहे तोवर घर एक आहे, असं त्याचं म्हणणं.

पुढे इल्होमचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळचा पुलाव उस्तांनी स्वतः रांधायला घेतला होता. सगळा मोहल्ला जेवायला येणार. कढईवर झाकण पडलं, वर दगड ठेवला, तांदूळ वाफेवर सोडला. आता त्या झाकणाला हात लावायचा नाही हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही कळतं. उस्ता पाहुण्यांच्या स्वागताला दरवाजाशी गेले, परत येऊन बघतात तो कंबरअली एका हातात दगड आणि दुसऱ्या हातात झाकण घेऊन कढईत डोकावतोय!

"जरा बघत होतो, अका," तो म्हणाला. अका म्हणजे दादा, वडीलधाऱ्या कुणालाही आमच्याकडे तसंच म्हणतात.

वाफ गेली. तांदूळ कचकचीत राहिला. पाहुणे भले, त्यांनी चावून चावून खाल्ला, आणि मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे वडीलधारे पंच, हमदम-अका दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "दाणा छान मोकळा झालाय." हे ऐकून उस्तांनी झारा फेकला. तो फेकला तिथवर ठीक होतं. पण कंबरअलीही त्याच बापाचा. तो चारचौघांत बोलून गेला, "झाकणाचं निमित्त आहे, अका. तुमचा भात तसाही शिजणार नव्हता."

सून घरात आली आणि पाठोपाठ भिंत आली. दोन्ही टोकांकडून बांधत आणली ती खांबाला येऊन अडली. बाप बोर्ड वाटू नका म्हणाला होता, म्हणून खांब तसाच भिंतीत घेतला, बोर्डाच्या पाठीची फळी काढली आणि तिथेही एक लोखंडी दार बसवलं. आता बोर्ड एकच, पण त्याला दारं दोन, एक या अंगणात आणि एक त्या. वीज खात्याचा माणूस मीटर बघायला आला की प्रत्येक वेळी टोपी मागे सारून विचारायचा, "हे काय आहे?" आणि मस्तुरा त्याला चहा द्यायची.

तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. कंबरअलीच्या मुली लग्न होऊन लांब गेल्या, बायको वारली. तिच्या मयताला दोघंही रिवाजाप्रमाणे झग्याला कंबरपट्टा बांधून दरवाजाच्या दोन बाजूंना उभे राहिले, आल्यागेल्याचे हात हातात घेतले, आणि एकमेकांकडे बघितलंही नाही.

दर ईदेला मात्र उस्ता नमाजाहून येऊन फराळ मांडलेल्या दस्तरखानावर बसायचे ते दरवाजाकडे तोंड करून. ईदेला धाकट्यानं थोरल्याकडे आधी यायचं असतं. थोरल्यानं आपण होऊन जायचं म्हणजे मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा नाही. कुणी आत आलं की उस्तांची मान वर व्हायची, आणि तो शेजारी निघाला, भाचा निघाला, टरबूजवाला निघाला, की खाली जायची. मस्तुरा हे बघायची आणि ईदेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना पुलावाच्या ताटल्या पाठवताना एक ताटली गुपचूप भिंतीपलीकडेही पाठवायची. रिकामी ताटली परत करत नाहीत, म्हणून ती तासाभरात जर्दाळूंनी भरून यायची.

"हे जर्दाळू कुठले?" उस्ता खाता खाता विचारायचे.

"बाजारातले."

"बाजारात आपल्या झाडासारखे जर्दाळू मिळायला लागले वाटतं," असं म्हणून ते आणखी दोन उचलायचे. जर्दाळूचं झाड वाटणीत पलीकडे गेलं होतं.

तर, चोरी पकडायची होती. इल्होमनं ताश्कंदहून एक यंत्र आणलं. एक पांढरी डबी आणि तिला वायरनं जोडलेलं एक काळं कडं. तार तोडायची नाही, सोलायची नाही, कडं चिमट्यासारखं उघडायचं आणि तारेला मिठी मारल्यासारखं बसवायचं. मग घरात किती वीज जाते त्याची रेघ फोनवर दिसते. फ्रीज लागला की रेघ थोडी चढते, इस्त्री लावली की उडी मारते.

"मी बसवून देतो, बाबा," इल्होम म्हणाला.

"तू टॅक्सी चालव. मी माग चालवलेत."

उस्तांनी चष्मा लावला, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि बापाचे शब्द आठवून डाव्या तारेवर कडं बसवलं. डावी थोरल्याची. खटकन आवाज झाला, डबीवर हिरवा दिवा लागला आणि उस्तांनी अशा थाटात दार लावलं, की आता चोर आलाच हातात.

दुसऱ्या दिवसापासून घरावर पहारा बसला. पहिला घाव सुनेवर. गुलरुख उजाडायच्या आधी उठून अंगण झाडायची, तशीच उठली, आणि झाडू हातात घेते न घेते तोच सासरे फोन घेऊन दारात उभे.

"सूनबाई, झाडण्याआधी किटली? आमच्या आईच्या काळात आधी अंगण, मग चहा."

"मी किटली लावलीच नाही, बाबा."

"रेघ काय खोटं बोलते?"

दुपारी, "मोटार कशाला लावलीस? टाकी भरलेली आहे." संध्याकाळी, "टीव्ही कुणाच्या जिवावर चाललाय?" आणि टीव्ही तर समोर काळाठिक्कर पडलेला. गुलरुख बिचारी खाली मान घालून ऐकायची आणि सासरे वळले की सासूकडे बघायची. मस्तुरा ओढणीचं टोक तोंडात धरायची.

मग एक दिवस उस्तांनी स्वतः सगळं घर बंद केलं. दिवे, फ्रीज, फोनचा चार्जरसुद्धा. तरी रेघ आपली वर! उस्तांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिथल्या तिथे टोपी घातली आणि अक्सकाल हमदम-अकांना साक्षीला आणायला निघाले.

हमदम-अका मोहल्ल्यातली लग्नं, मयतं आणि भांडणं निस्तरून थकलेला माणूस. ते आले, अंगणातल्या लाकडी तख्तावर बसले, चहा प्यायले, आणि मग उठून बोर्डापाशी आले.

"बघा, अका," उस्ता म्हणाले. त्यांचा आवाज मुद्दाम भिंतीपलीकडे जाईल एवढा होता. "माझं घर बंद. फ्रीजसुद्धा बंद. आणि माझ्या तारेतून वीज वाहतेय. कुठे जातेय? तुम्हीच सांगा."

हमदम-अकांनी फोन हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "हे कडं बसलंय ती तार तुझी?"

"माझी. डावी."

"मग तिचं बटण बंद कर बरं."

उस्तांनी बटण खाली पाडलं. पलीकडे कुठलीशी बाई टीव्हीवर गात होती, ती ओळीच्या मध्येच गप्प झाली. मग भिंतीपलीकडून आवाज आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खणखणीत.

"कोण रे तो गाढव? माझी लाईट कुणी घालवली?"

उस्तांचा हात बटणावर तसाच राहिला. हमदम-अकांनी बोर्डात वाकून पाहिलं, बोटानं हवेत डावं-उजवं केलं आणि ते सावकाश म्हणाले, "ओर्तिकअली, तुझ्या बापानं बोर्डाचं तोंड तिकडे केलं होतं. तू उभा आहेस तो त्याच्या पाठीशी. तिकडून जे डावं ते इकडून उजवं. तुझ्या भावानं तुझी वीज चोरलेली नाही. तूच इतके दिवस त्याची मोजतोयस."

"मग तो दुपारी बल्ब?"

"त्याची पाण्याची मोटार सुरू होत असेल. केबल एक आहे ना दोघांची. तुझी मोटार लागली की त्याचाही बल्ब मान टाकत असेल. त्यानं बोलावलं का मला?"

मागून गुलरुखचा बारीक आवाज आला. "म्हणजे बाबा, ती पहाटेची किटली..."

मस्तुरा आतल्या खोलीत पळाली. तिचं हसणं दार लावूनही ऐकू येत होतं.

उस्तांनी बटण वर केलं. बाई पुन्हा गायला लागली. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही, आणि ही गोष्ट चहाखान्यात पोचवायला हमदम-अकांनी फार तर संध्याकाळपर्यंत दम धरला असेल. इल्होमला तर त्याच्या टॅक्सीतली गिऱ्हाइकंच ती सांगायला लागली.

"बाबा, मी कडं काढून आपल्या तारेवर लावू?" इल्होमनं विचारलं.

"मी लावतो," उस्ता म्हणाले. बोर्डाशी गेले, दार उघडलं, बराच वेळ आत बघत उभे राहिले, दार लावलं. "लावलं."

लावलं नव्हतं. का नाही, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळा उघडला आणि हात आपोआप फोनकडे गेला. अंधारात रेघ सपाट होती. मग तिनं उडी मारली. किटली. उठला म्हणजे. उस्तांनी फोन उशीखाली ठेवला आणि कूस बदलली.

हळूहळू त्यांना त्या रेघेची भाषा कळायला लागली. मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटलाय ते ओळखणारा माणूस तो, त्याला हे काय अवघड! पहाटे किटली. दुपारी मोटार, म्हणजे भाजीच्या वाफ्याला पाणी. मग इस्त्री. इस्त्री जरा जास्त वेळ चालली, की उस्ता इकडे अंगणात येरझारा घालायचे. "बंद कर, अरे, बंद कर, घर जाळशील." रेघ खाली आली की बसायचे. संध्याकाळी टीव्ही. टीव्हीच्या जोडीला आणखी एक किटली लागली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"पोटाचा त्रास आहे, आणि वर आता चहा," ते पुटपुटले.

"कुणाला?" मस्तुरानं विचारलं.

"फ्रीजला."

त्या दिवसापासून सकाळच्या चहाला मस्तुरा सहज विचारल्यासारखं विचारायची, "काय म्हणतो आपला फ्रीज? उठला का?" आणि उस्ता तितक्याच सहज म्हणायचे, "उठलाय."

कुर्बानीची ईद आली. आदल्या संध्याकाळी मस्तुराच्या ताटल्या मोहल्लाभर गेल्या, पलीकडेही गेली. सकाळी उस्तांनी नवा झगा घातला आणि फोन उघडला. रेघ सपाट.

ईद आहे, लवकर नमाजाला गेला असेल, असं म्हणून ते मशिदीत गेले. मशीद फुटपाथापर्यंत भरलेली. नमाजाच्या शेवटी दोन्ही बाजूंना सलाम फिरवताना उस्तांनी मान जरा जास्तच वळवली, उजवीकडे आणि डावीकडे. कंबरअली कुठे दिसला नाही. घरी आले, दरवाजाकडे तोंड करून बसले. रेघ सपाट. किटली नाही, टीव्ही नाही, फ्रीजची बारीकशी चढउतारसुद्धा नाही. पाहुणे येत होते, ईद मुबारक म्हणत होते, दुवा मागून नान मोडत होते, आणि यजमान मांडीवरच्या फोनकडे बघत होते.

"अहो," मस्तुरा चहादाणी ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "कालची ताटली परत आली नाही."

उस्तांनी फोनवरून नजर उचलली. "नाही आली म्हणजे?"

"नेहमी तासाभरात येते. जाऊन बघा ना."

"मी जाऊ? मी थोरला आहे. ईद आहे. तो येईल."

"आणि यायला उठलाच नसेल तर?"

उस्ता फोन तिथेच टाकून उठले. बोर्ड बघायला, असं मोठ्यानं म्हणाले. दार उघडून तारांच्या फटीतून पलीकडे तोंड नेलं. "ए!" इतक्या वर्षांनी हाक मारायची तर नाव जिभेवर येईना. "ए... फ्यूज गेलाय का तुझा?"

पलीकडचं लोखंडी दार लावलेलं होतं. उत्तर नाही.

मग मात्र ते धावले. उंबऱ्याशी पाहुण्यांच्या जोड्यांचा ढीग पडला होता, त्यात पायाला जे आलं ते घातलं. त्या गुलरुखच्या गुलाबी प्लास्टिकच्या चपला होत्या. कंबरअलीचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडायचा, म्हणजे अख्ख्या कोपऱ्याला वळसा. ईदेचा दिवस, गल्ली माणसांनी फुललेली. जो तो थांबून ईद मुबारक म्हणत होता आणि उस्ता छातीवर हात ठेवून, मान लववून, न थांबता धावत होते. चहाखान्याच्या ओट्यावरून हमदम-अका उभे राहून बघायला लागले. आपला भाऊ एकटा आत पडला असेल आणि आपण दरवाजाकडे तोंड करून बसून राहिलो, एवढंच उस्तांच्या डोक्यात होतं. बाकी काही नाही. वाटेत ते त्याला शिव्या देत होते आणि अल्लाची करुणा भाकत होते, एकाच श्वासात.

दरवाजा नुसता लोटलेला होता. आत अंगणात चुलीवर कढई, कढईवर झाकण, झाकणावर दगड. खाली निखारे. शेजारी स्टुलावर कंबरअली बसलेला, नव्या टोपीत, हातात झारा. तख्तावर मस्तुराची ताटली, धुतलेली, जर्दाळूंनी भरलेली.

"जिवंत आहेस?" उस्तांनी धापा टाकत विचारलं.

"वाटतं तरी तसं." कंबरअली उठून उभा राहिला. "ईद मुबारक, अका. बसा."

"किटली का नाही लावलीस?"

विचारलं आणि जीभ चावली. पण कंबरअली हसला नाही. त्यानं झारा खाली ठेवला.

"मेन बंद केलाय."

"का?"

"तुम्हाला कळावं म्हणून." तो बोर्डाकडे बघत बोलला. "पहिल्याच दिवशी मी दार उघडलं तर माझ्या तारेला तुमचं कडं. म्हटलं, अकांनी डावं-उजवं घोटाळलं. हसलोसुद्धा. मग हमदम-अकांसमोर तो तमाशा झाला, म्हटलं आता काढतील. रोज उघडून बघायचो. कडं तिथेच, हिरवा दिवा लागलेलाच. तेव्हा समजलं, अकांना वीज नको आहे." त्यानं नाक पुसलं. "बायको गेल्यापासून मी मनाला येईल तेव्हा उठायचो, कधी पहाटे, कधी दुपारी. उठलो काय नि नाही काय, विचारतंय कोण? त्या दिव्यामुळे रोज पहाटे उठून चहा करायला लागलो."

उस्तांनी हे सगळं रागावर नेलं, त्यांना तेवढंच जमायचं. "मग सरळ यायला काय झालं होतं? धाकटा ना तू? दर ईदेला दस्तरखान मांडून बसतो मी!"

"यायचो ना. कोपऱ्यापर्यंत यायचो. दरवाजातून तुम्ही दिसायचात, समोर तोंड करून बसलेले, असा चेहरा केलेला, की आत पाऊल टाकलं तर झारा डोक्यात. मग परत फिरायचो."

"तो चेहरा वाट बघण्याचा होता, गाढवा!"

कंबरअली बघतच राहिला. मग दोघांनाही कुठे बघावं ते कळेना, म्हणून दोघांनी कढईकडे बघितलं.

"काल ठरवलं," कंबरअली म्हणाला, "दुपारपर्यंत तुम्ही नाही आलात तर ही कढई उचलून मीच येणार. मग काय व्हायचं ते होवो. पण आधी आलात तुम्ही, अका. अख्ख्या गल्लीनं पाहिलं असणार." त्यानं खाली नजर टाकली. "गुलाबी चपलांत."

"मी फ्यूज बघायला आलोय," उस्ता म्हणाले. "मेन लाव आधी. तिकडे बायका रडकुंडीला आल्या असतील."

कंबरअलीनं बोर्ड उघडून बटण वर केलं, घरात जाऊन किटली लावली. लगेच भिंतीपलीकडून गुलरुखची आरोळी आली, "आई! रेघ उठली!" आणि पाठोपाठ मस्तुराचा आवाज, "रेघ मरू दे, दोघांचं भांडण ऐकू येतंय, म्हणजे सगळं ठीक आहे. पाहुण्यांना चहा घाल."

उस्ता धाकट्याच्या स्टुलावर टेकले. कढईच्या कडेनं बारीक वाफ सुटत होती, जिऱ्याचा आणि गाजराचा वास येत होता. वास बरा होता, पण तसं म्हणायची काही गरज नव्हती. कंबरअली किटली घेऊन आला, शेजारी उकिडवा बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा हात हळूच झाकणावरच्या दगडाकडे गेला.

"झाला असेल का, अका? जरा बघू?"

उस्तांनी त्याच्या हातावर फटका मारला.

"इतकी वर्षं थांबलास ना? मग भात शिजेपर्यंत थांब."

कंबरअलीनं हात मागे घेतला आणि दोघं भाऊ झाकणाकडे बघत बसले.